स्वल्प थांबा

मी एक शब्द बदलायला निघालो होतो. एकच. तोही माझ्या घरातल्या, माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमधला. पुढे फिनलंडमधल्या एका सज्जन माणसाला माझ्यापायी सुट्टी रद्द करावी लागली आणि कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी माझं नाव चुकीच्या उच्चारांनी घेतलं. त्यात माझा हेतू वाईट नव्हता, एवढं आधीच सांगून ठेवतो.

आमची मुलगी कस्तुरी हेब्बाळला एका कंपनीत काम करते आणि उरलेल्या वेळात टिटवीचं काम करते. टिटवी ही एक ऑपरेटिंग सिस्टिम आहे. कॉम्प्युटरचा कारभारीच म्हणा ना. कुठली फाईल कुठे ठेवायची, कुणाला आत घ्यायचं, कुणाला दारात उभं करायचं, हे सगळं तो बघतो. तिचं खरं नाव लॅपविंग, आमच्या घरात तिची टिटवी झाली. ती कुठल्या कंपनीची नाही. जगभरातली तीन-साडेतीनशे माणसं आपापल्या घरी बसून ती बनवत असतात आणि आतलं सगळं काम उघडं ठेवतात. कुणीही यावं, बघावं, सुधारावं. मला ही कल्पना फार आवडली. मी सदतीस वर्षं एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात काढली. तिथे कपाटाची किल्लीसुद्धा तीन सह्यांशिवाय मिळत नसे.

एका शनिवारी कस्तुरीनं माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये टिटवी घातली. लॅपटॉप म्हातारा, त्यामुळे तो सुरू व्हायला चार मिनिटं लागतात. तेवढा वेळ पडद्यावर एक टिटवी पाण्याच्या कडेकडेनं डावीकडून उजवीकडे चालत जाते. ती चार मिनिटं माझ्या दिवसातली सगळ्यांत चांगली. दुपारचं जेवण झालेलं असतं. खिडकीबाहेर आमच्या येलहंक्याच्या रस्त्यावरचं मोठं रेन ट्री पानं मिटायची की नाही या विचारात उभं असतं. विमानतळाकडचं एखादं विमान आपला आवाज मागे ओढत निघून जातं. टिटवी चालत असते. आपण कुठेतरी पोचणार आहोत, पण घाई काही नाही, असं वाटत राहतं. बऱ्याचदा टिटवी पोचते तेव्हा मी झोपलेला असतो.

खुपत एकच गोष्ट होती. टिटवीच्या पायाखाली लिहिलेलं असायचं, 'कृपया प्रतीक्षा करा'. प्रतीक्षा हा शब्द दवाखान्याच्या भिंतीवरचा. घरात कुणी कुणाला प्रतीक्षा करायला सांगत नाही. निवांत पाय लांब करून बसलेला माणूस तो वाचून दचकतो आणि खिशात टोकन शोधू लागतो.

"आपण घरात काय म्हणतो गं?" मी बायकोला, श्यामलाला, विचारलं.

"स्वल्प थांबा म्हणतो," अवरेकाळू, म्हणजे पावट्याचे दाणे, सोलता सोलता ती म्हणाली. "तुम्हाला तेही सांगावं लागत नाही. तुम्ही थांबलेलेच असता."

आम्ही इथले, कानडी मुलखातले, जुने मराठी. आमचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून आले असं आमचे लोक सांगतात. घोडा कुणाचा होता ते सांगत नाहीत. शाळा कन्नड, बाजार कन्नड, भांडण कन्नड. मराठी घरात, चुलीपाशी आणि देवापाशी. ती तिथे राहून राहून थोडी इकडची झाली आहे, पण आहे.

संध्याकाळी कस्तुरी आली तेव्हा मी माझी व्यथा सांगितली.

"मग बदला की, अप्पा," ती म्हणाली. "ओपन सोर्स आहे. कुणीही बदलू शकतं."

या 'कुणीही'नं माझा घात केला.

सुरुवात नाव नोंदवण्यापासून झाली. माझं पुरुषोत्तम हे नाव कुणीतरी आधीच घेतलेलं होतं. पुरुषोत्तम-येलहंका हेही गेलेलं होतं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. शेवटी मी पुरुषोत्तम-येलहंका-दोन झालो. एकसष्टाव्या वर्षी माणूस स्वतःच्या गावात दुसरा ठरतो, तेव्हा त्याला कसं वाटतं ते त्यालाच ठाऊक.

मग अर्ज. जुना मजकूर, नवा मजकूर, कारण. मी कारण सविस्तर लिहिलं, दवाखान्याच्या भिंतीसकट. त्याखाली एक प्रश्न होता: नवा मजकूर मूळ कुणाचा? मी खरं बोलणारा माणूस आहे. मी लिहिलं, 'आईचा'. आई दिवसातून चाळीस वेळा स्वल्प म्हणायची. हा शब्द मी तिच्याकडूनच घेतला, बाजारातून नाही.

दोन दिवसांनी फिनलंडहून उत्तर आलं. टिटवीच्या प्रत्येक नव्या आवृत्तीची जबाबदारी तिथल्या एका गृहस्थांकडे असते. माणूस अत्यंत सभ्य आणि नियमानं चालणारा. त्यांनी लिहिलं होतं की, मजकूर माझ्या आईच्या मालकीचा असेल तर तिची लेखी संमती लागेल.

मी कळवलं की आईला जाऊन अठरा वर्षं झाली.

त्यांनी लिहिलं, "ऐकून फार वाईट वाटलं. वारसांची संमती चालेल. सर्व वारसांची."

कस्तुरी कपाळावर हात मारून म्हणाली, "अप्पा, 'स्वतःचा' एवढंच लिहायचं होतं." पण आता दुखवट्याची देवाणघेवाण झाल्यावर शब्द मागे घेणं बरं दिसलं नसतं. सर्व वारस म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ योगीराज. तो मैसूरला असतो आणि माझ्या कुठल्याही गोष्टीला पहिल्यांदा नाही म्हणतो. मी फोन केला.

"आई स्वल्प म्हणायचीच नाही," योगीराज म्हणाला. "जरा म्हणायची."

"अरे, स्वल्प म्हणायची. आठव. आंघोळीला धरून न्यायची तेव्हा काय ओरडायची?"

मग तो हळूच म्हणाला, "थांब की रे स्वल्प, कुठं पळतोयस."

"बघ."

"पण ते ती मला म्हणायची. तू कुठं पळायचास? तू बादलीपाशी बसून झोपायचास."

हे खरं होतं, म्हणून मी विषय वाढवला नाही. त्यानं संमती पाठवली. खाली स्वतःच्या अक्षरात टीप जोडली होती: 'सदर वाक्य मला उद्देशून होते.' फिनलंडच्या गृहस्थांनी तीही जपून दप्तरी दाखल केली.

मला वाटलं, झालं. पण टिटवीचा नियम असा की मराठीतला बदल दुसऱ्या एका मराठी माणसानं तपासल्याशिवाय पक्का होत नाही. हा दुसरा मराठी माणूस म्हणजे उपेंद्र. पुण्याहून चार वर्षांपूर्वी आलेला, कस्तुरीच्या ओळखीचा, सर्जापूर रोडवर राहणारा. 'कृपया प्रतीक्षा करा' त्यानंच लिहिलेलं होतं. हे मला आधी कुणी सांगितलं नाही.

तो एका रविवारी सकाळी आमच्याकडे आला. सर्जापूर रोडहून येलहंक्याला यायला त्याला सव्वादोन तास लागले. अशा माणसाशी वाद घालणं मुळात अवघड जातं. श्यामलानं त्याला आधी पाणी, मग कॉफी, मग अवरेकाळूचं उप्पीट दिलं. तेवढ्यात मी मुद्दे जुळवून ठेवले.

"काका, अ‍ॅक्च्युअली तुमचा पॉइंट मला समजतो," उपेंद्र म्हणाला. "पण टेक्निकली स्वल्प हा वर्ड कन्नड आहे. मराठी युजर कन्फ्यूज होईल."

"तुमच्याकडे स्वल्पविराम असतो ना?"

"असतो."

"तो कन्नड असतो का?"

उपेंद्रनं चमचा खाली ठेवला. "नाही, पण तो बेसिकली ग्रामरमधला आहे. बोलताना कोणी स्वल्प म्हणत नाही."

"आम्ही म्हणतो."

"म्हणजे इथे, लोकली. पण प्रमाण भाषेत…"

"बाबा," मी म्हणालो, "तू आल्यापासून जे बोललास त्यातली प्रमाण भाषा मला वेगळी काढून दे. मी ती लिहून घेतो."

हे मी बोलायला नको होतं. पाहुणा लाल झाला. श्यामलानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी उठून उगाच पंख्याचं बटण तपासून आलो. उपेंद्र मात्र सरळ मुलगा. तो म्हणाला, "काका, हे खरंय. पण स्क्रीनवर जे लिहितो ते तरी नीट असावं असं मला वाटतं. तेवढंच उरलंय माझ्याकडे." मग त्यानं सांगितलं की अर्जात 'उदाहरण' असा एक रकाना असतो. लोक हा शब्द बोलताना कसा वापरतात त्याचं एखादं जिवंत वाक्य मी तिथे द्यावं, ते वाचून तो निर्णय घेईल. शेवटची तारीख बुधवार. बुधवारी संध्याकाळी शब्द गोठणार. गोठणार म्हणजे त्यानंतर नव्या आवृत्तीत कुणालाही शब्द बदलता येत नाही. जाताना तो श्यामलाच्या पाया पडला. माझ्याही पडला, पण थोडा लांबून.

इकडे आमच्या गल्लीत बातमी वेगळ्याच रूपात पोचली होती. शेजारच्या भाग्यलक्ष्मी अक्कांना श्यामला कंपाउंडवरून एवढंच म्हणाली होती, की ह्यांचं ऑपरेटिंगचं चाललंय, फिनलंडचे लोक बघतायत, बुधवारी फायनल. सोमवारी सकाळी अक्का मऊ भात आणि मिऱ्याचं सारू घेऊन आल्या.

"घाबरायचं नाही, अण्णा," त्या मला म्हणाल्या. "आमच्या भावोजींचं पण झालं. आता जिने चढतात. फिनलंडचे डॉक्टर चांगले असतात म्हणे."

मी खुलासा करणार होतो. पण सारू फार चांगलं झालं होतं, आणि खुलासा केला असता तर मंगळवारचं आलं नसतं.

विठोजी अण्णांना मात्र खरी गोष्ट कळली आणि ती जास्त महागात पडली. ते आमच्या समाजाच्या हॉलचे अध्यक्ष. जन्मापासून असावेत. ते एकेचाळीस शब्दांची यादी घेऊन आले. "एकटा शब्द पाठवू नका," ते म्हणाले. "एकट्याला कुणी विचारत नाही. जथा पाठवा." यादीत कॉम्प्युटरशी संबंध असलेला एकही शब्द नव्हता. बरेचसे भांड्यांचे होते. मी यादी ठेवून घेतली आणि विचार करतो म्हणालो. त्याचा अर्थ त्यांनी होकार असा घेतला आणि पुढच्या रविवारी हॉलमध्ये माझा सत्कार ठरवून टाकला.

बुधवार उजाडला आणि आमच्या रस्त्यावर खोदाई सुरू झाली. कशासाठी ते खोदणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. अकरा वाजता इंटरनेटची तार तुटली. मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि बसनं हेब्बाळला कस्तुरीच्या ऑफिसात गेलो. गेटवरच्या माणसानं मला अदबीनं थांबवलं. माणसाला आत जाता येत होतं, पण लॅपटॉपला येत नव्हतं. लॅपटॉपचा नंबर रजिस्टरमध्ये लिहावा लागतो, आणि माझ्या लॅपटॉपचा नंबर इतक्या वर्षांच्या वापरात झिजून गेला होता. "सार, स्वल्प इरी, केळ्तिनी," तो म्हणाला. स्वल्प थांबा, विचारतो. इतक्या आपुलकीनं म्हणाला की मी अर्धा तास थांबलो. कस्तुरी मीटिंगमध्ये होती. शेवटी तिनं फोनवर सांगितलं, "अप्पा, तळ्याकाठी बसा आणि मोबाईलच्या नेटवरून पाठवा. पाच मिनिटांचं काम आहे."

मी हेब्बाळच्या तळ्यावर जाऊन एका बाकावर बसलो.

आता इथे मला स्वतःची बाजू मांडू द्या. दुपारचे दोन वाजले होते, आणि ती माझी झोपेची वेळ. वारा पाण्यावरून येत होता. पलीकडे उड्डाणपुलावर गाड्यांची रांग उन्हात चमकत इतकी हळू सरकत होती, की कुणीतरी ती हातानं ओढतंय असं वाटावं. पाण्यात चार-पाच झोळीवाले पेलिकन निवृत्त हेडक्लार्कसारखे तरंगत होते. मी लॅपटॉप उघडला. टिटवी चालू लागली. समोर खरं पाणी, पडद्यावर खोटं पाणी, आणि मधल्या कडेवर ती चाललेली. आपण नक्की कुठल्या काठावर बसलोय हे मला नीट सांगता आलं नसतं. मग अर्ज उघडला. दोन रकाने होते. एकात मजकूर लिहायचा होता, दुसऱ्यात उदाहरण. मी दोन्ही भरले. 'पाठवा' दाबलं. एक पेलिकन उडाला, तो उडतच राहिला, आणि त्याच्याबरोबर मीही गेलो.

जाग आली तेव्हा पाच वाजले होते, आणि लॅपटॉपवर पावती आली होती: 'मंजूर'. उपेंद्रनं मंजूर केलं होतं. मला भरून आलं. इतका वाद घातलेला मुलगा, पण मनानं मोठा, असं मी घरी येऊन श्यामलाला सांगितलंसुद्धा.

पुढचे चार दिवस कसे छान गेले. टिटवीची चाचणी आवृत्ती बाहेर पडली. खरी आवृत्ती येण्याआधी ती काही लोक वापरून बघतात. रविवारी हॉलमध्ये मला शाल मिळाली. विठोजी अण्णांनी भाषणात मला भगीरथापर्यंत नेलं. मी शालीत बसून स्वप्नं बघत होतो, की मराठी माणूस जिथे जिथे हा कॉम्प्युटर उघडेल तिथे तिथे त्याला कुणीतरी घरच्यासारखं, हळूच, स्वल्प थांबा म्हणेल.

सोमवारी कस्तुरी ऑफिसला न जाता आमच्या खोलीत आली. "अप्पा, तुम्ही बुधवारी काय पाठवलंत?"

मी दोन रकान्यांची अदलाबदल केली होती. उदाहरणाच्या जागी 'स्वल्प थांबा' गेलं होतं, आणि जिथे मजकूर लिहायचा तिथे गेलं होतं उदाहरण. टिटवी आता कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला म्हणत होती: 'थांब की रे स्वल्प, कुठं पळतोयस.'

अकरा तक्रारी आल्या होत्या. नागपूरच्या एका ग्रंथपाल बाईंनी लिहिलं होतं की त्यांना रे म्हणण्याचा अधिकार कॉम्प्युटरला कुणी दिला. एका निवृत्त प्राचार्यांनी आपण कुठेही पळत नसल्याचं तीन परिच्छेदांत स्पष्ट केलं होतं. टिटवीचं काम किती झालं हे सगळ्या जगाला दिसेल असं एक पान असतं. त्यावर लिहिलं होतं: 'नवी आवृत्ती: ९९ टक्के. अडथळा: पुरुषोत्तम-येलहंका-दोन.' ते पान कोणीही उघडू शकतं. विठोजी अण्णांनी उघडलं आणि चौघांना दाखवलं. त्यांचा आनंद गगनात मावेना. "साऱ्या जगाचं काम येलहंक्यानं अडवून धरलंय," ते म्हणाले. "आपल्या लोकांनी किल्ले अडवले होते, त्यानंतर हेच."

मला मात्र जेवण जाईना. सदतीस वर्षांत माझ्या एका ड्रॉइंगमध्ये मापाची चूक निघाली नव्हती. आता फिनलंडपासून नागपूरपर्यंत माझी चूक नावानिशी टांगलेली होती. त्याहून वाईट हे, की आईचं वाक्य चुकांच्या यादीत, अकरा तक्रारींच्या वर, दोष क्रमांक घालून ठेवलेलं होतं.

मंगळवारी दुपारी तीन वाजता ऑनलाइन बैठक झाली. पडद्यावर फिनलंडचे गृहस्थ, उपेंद्र, आणि इकडे मी, कस्तुरी आणि मागे भिंतीला टेकून श्यामला. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. गृहस्थ उंच, पांढऱ्या भुवयांचे, आणि आवाज इतका मऊ की रागावले आहेत की नाही ते कळेना.

मी उभा राहून माफी मागितली. कस्तुरीनं ती इंग्रजीत सांगितली.

मग उपेंद्र म्हणाला, "चूक माझीही आहे. मी त्या दिवशी कॅबमध्ये होतो, रिंग रोडला जॅममध्ये. तीनशे शब्द तपासायचे होते. काकांचं नाव बघितलं आणि न वाचताच मंजूर केलं. रविवारी मी त्यांच्याकडे जेवलो होतो, मला परत नाही म्हणवेना."

"उप्पीट जेवण नव्हे," श्यामला मागून पुटपुटली.

गृहस्थांनी मान हलवली. दुरुस्ती दोन मिनिटांची आहे, दोष असला की गोठलेला शब्दही बदलता येतो, आजच करू, उद्या आवृत्ती बाहेर काढू, परवापासून त्यांची सुट्टी आहे, तळ्याकाठी त्यांचं लाकडी घर आहे, असं ते म्हणाले. मला तो माणूस एकदम आवडला. मग त्यांनी चष्मा लावला. "फक्त एक तक्रार वेगळी आहे. बारावी. आज सकाळी आली. ती मला नीट समजली नाही."

कस्तुरीनं ती वाचायला घेतली. तंजावरहून सौम्या नावाच्या बाईंनी लिहिलेली होती. त्यांच्या सासूबाई, क्षमाबाई, वय एकोणऐंशी. आमच्यासारखेच जुने मराठी, फक्त आणखी दक्षिणेला गेलेले. सासूबाईंना आता दिसत नाही, म्हणून सौम्यानं त्यांच्या कॉम्प्युटरवर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा आवाज लावून दिला होता. चाचणी आवृत्ती सौम्यानंच उत्साहानं घातलेली. कॉम्प्युटर सुरू केला आणि त्यातून बाईच्या आवाजात आलं, थांब की रे स्वल्प, कुठं पळतोयस. क्षमाबाईंनी जपमाळ खाली ठेवली आणि विचारलं, घरात कोण आलंय. त्यांना एक भाऊ होता. लहानपणी सारखा नदीकडे पळायचा आणि आई दारातून हेच, अगदी हेच ओरडायची. भाऊ गेल्या वर्षी गेला. तसं बोलणारं आता कोणी उरलं नाही. शेवटी सौम्यानं लिहिलं होतं: 'हा दोष आहे हे मला कळतं. पण सासूबाईंची धाकटी बहीण शुक्रवारी तिरुचीहून यायची आहे. तिनं ऐकेपर्यंत तो दुरुस्त करू नये, ही विनंती.'

कस्तुरीचं इंग्रजी भाषांतर मध्येच अडखळलं. उरलेलं उपेंद्रनं पुरं केलं, आणि तेही, मी लक्ष देऊन ऐकलं, अगदी नीट.

फिनलंडमध्ये खिडकीबाहेर पाऊस पडत असावा, काचेवर सावल्या हलत होत्या.

"दोष दुरुस्त करू नये अशी तक्रार," गृहस्थ शेवटी म्हणाले, "अकरा वर्षांत माझ्याकडे आलेली नाही. त्यासाठी नियमही नाही." त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी खोडलं. "आवृत्ती शनिवारी निघेल."

"तुमची सुट्टी?" मी विचारलं.

"तळं तिथेच असतं," ते म्हणाले.

ते चार दिवस टिटवी जगभर ९९ टक्क्यांवर उभी राहिली. अडथळ्याच्या रकान्यात आता माझं नाव नव्हतं, 'शुक्रवार' एवढंच लिहिलेलं होतं. कुणाकुणाचे प्रश्न आले, की हा शुक्रवार म्हणजे काय प्रकार आहे. गृहस्थांनी प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, की तो आवश्यक आहे. नागपूरच्या ग्रंथपाल बाईंना उपेंद्रनं स्वतः फोन करून हकीकत सांगितली. त्यांनी तक्रार मागे घेतली नाही, पण शनिवारपर्यंत रे चालेल असं लेखी कळवलं. भाग्यलक्ष्मी अक्का दोनदा येऊन टाके कसे आहेत विचारून गेल्या. कस्तुरीनं माझ्या लॅपटॉपमध्येही चाचणी आवृत्ती घालून दिली होती, मी दुपारी त्याच्यासमोर बसायचो, चार मिनिटं, पुन्हा बंद करून पुन्हा चार मिनिटं. झोप येत नव्हती. शब्दाचं काय करायचं हे उपेंद्रनं आणि मी फोनवर ठरवलं: 'थोडं थांबा'. दोघांनाही पूर्ण पटलं नाही, म्हणजे बरोबरच असावं.

शुक्रवारी संध्याकाळी बाराव्या तक्रारीखाली सौम्याचं उत्तर आलं. बहीण आली. दोघी कॉम्प्युटरसमोर खुर्च्या ओढून बसल्या. सौम्यानं तो तीनदा सुरू केला, तीनदा ऐकलं. चौथ्या वेळी धाकट्या बहिणीनं पडद्याकडे बघून उत्तर दिलं. म्हणाली, "थांबला की, आई."

मग दोघींनी कॉम्प्युटर बंद करायला सांगितलं आणि जेवायला बसल्या. 'आता दुरुस्त करायला हरकत नाही,' सौम्यानं लिहिलं होतं.

मी हे मोठ्यानं वाचलं तेव्हा श्यामला गॅस बंद करून येऊन उभी राहिली होती. दुरुस्ती मीच करायची असं ठरलं होतं. मी रकाने दोनदा तपासले, श्यामलाकडूनही तपासून घेतले, आणि 'थोडं थांबा' पाठवलं. दहा मिनिटांत उपेंद्रची मंजुरी आली. खाली त्यानं लिहिलं होतं: 'वाचून मंजूर.'

शेवटचं एक काम उरलं. तक्रार बंद करताना कारण निवडावं लागतं. तीन पर्याय असतात: दोष दुरुस्त केला, दोष पुन्हा आढळत नाही, दोष नव्हताच. नियमाप्रमाणे पहिला बरोबर होता. मी बराच वेळ त्यावर बोट धरून बसलो. मग बोट खाली सरकवलं आणि तिसरा दाबला.

फिनलंडहून हरकत आली नाही.